नवरा एका अंगणात, बायको दुसऱ्या अंगणात: वर्कहाऊसची जुनी छापचित्रं समजून घेताना

वर्कहाऊस म्हणजे निराधार गरिबांना ठेवून घेऊन त्यांच्याकडून काम करवून घेणारं सरकारी घर. इंग्लंडमधल्या वर्कहाऊसवर एकोणिसाव्या शतकात ढिगाने चित्रं छापली गेली. कुठे आईच्या कुशीतून तान्हं मूल उचलून नेलं जातंय, कुठे फाटक्या कपड्यांतलं कुटुंब बंद फाटकासमोर थंडीत उभं आहे, कुठे म्हाताऱ्या बायका लांबलचक दालनात शिवण घेऊन बसल्या आहेत. गरिबीने माणसं एकमेकांपासून कशी तुटली, हे दाखवायला आजही हीच चित्रं वापरली जातात. पण माझ्या मते या तुटण्याचं सगळ्यात स्पष्ट चित्र वेगळंच आहे, आणि त्यात एकही माणूस नाही.

ते एका इमारतीचं चित्र आहे. सॅम्पसन केम्पथॉर्न या तरुण वास्तुविशारदाने काढलेले वर्कहाऊसचे नमुना आराखडे १८३५ मध्ये सरकारी अहवालात छापून आले. त्यातल्या एका आराखड्यात बाहेर षटकोनी भिंत आहे आणि आत मध्यापासून तीन दिशांना निघालेल्या तीन लांब इमारती. या इमारती आणि त्यांना जोडणाऱ्या भिंती मिळून आतल्या मोकळ्या जागेचे तुकडे पाडतात. प्रत्येक तुकड्यावर नीटस अक्षरांत लिहिलंय: पुरुषांचं अंगण, बायकांचं अंगण, मुलग्यांचं अंगण, मुलींचं अंगण. बरोबर मध्यावर वर्कहाऊसच्या मास्तरची, म्हणजे तिथला कारभार पाहणाऱ्या माणसाची, जागा. तिथल्या खिडक्यांतून त्याला सगळी अंगणं दिसतात, पण एका अंगणातल्या माणसाला शेजारचं अंगण दिसत नाही. शाईच्या एका बारीक रेघेच्या अलीकडे नवरा, पलीकडे बायको. कुटुंबं तोडणं हा काही वर्कहाऊसमधल्या हलगर्जीपणाचा किंवा एखाद्या दुष्ट मास्तरचा परिणाम नव्हता. ते आधी कागदावर आखलं गेलं आणि मग विटांत बांधलं गेलं.

हे आलं कुठून?

इंग्लंडमध्ये १६०१ च्या कायद्यापासून गरिबांची जबाबदारी पॅरिशवर होती. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या हद्दीतला मुलूख. तिथल्या जमीनजुमलेवाल्यांकडून कर गोळा करायचा आणि त्यातून म्हातारे, आजारी, विधवा, बेकार यांना सांभाळायचं, अशी रीत. बहुतेकांना ही मदत राहत्या घरीच मिळे. थोडे पैसे, पाव, सरपण, कधी बूट. १७९५ मध्ये धान्य फार महागलं तेव्हा बर्कशरमधल्या स्पीनहॅमलँडला जमलेल्या मॅजिस्ट्रेटांनी एक कोष्टक ठरवलं: पावाचा भाव किती आणि घरात खाणारी तोंडं किती, त्यावरून मजुराच्या कमाईत भर घालायची. दक्षिण इंग्लंडमध्ये ही पद्धत बरीच पसरली. जमीनदारांनी मजुरी कमी ठेवली, कारण उरलेलं पॅरिश भरणारच होती. कर वाढत गेला आणि त्याचा राग मजुरांवर निघाला.

त्या रागाला तत्त्वज्ञान पुरवलं रेव्हरंड थॉमस माल्थस यांनी. लोकसंख्येवरचा त्यांचा निबंध १७९८ चा. गरिबांना अशी मदत मिळत राहिली की ते विचार न करता लग्नं करतात, मुलं वाढतात, अन्न पुरत नाही, असं त्यांचं म्हणणं. हेच माल्थस पुढे हेलीबरीला ईस्ट इंडिया कंपनीच्या कॉलेजात प्राध्यापक होते, म्हणजे हिंदुस्थानात येणारे मुलकी अधिकारी त्यांच्यासमोर बसून अर्थशास्त्र शिकत होते. हा धागा पुढे लागणार आहे.

१८३२ मध्ये चौकशी आयोग नेमला गेला. त्याचा अहवाल मुख्यतः नासाऊ सीनियर आणि एडविन चॅडविक यांनी लिहिला, आणि १८३४ मध्ये नवा गरीब कायदा झाला. सुमारे १५,००० पॅरिशांचे गट करून हळूहळू सुमारे ६०० युनियन बनवल्या गेल्या, प्रत्येक युनियनवर करदात्यांनी निवडलेलं गार्डियन मंडळ, आणि सगळ्यांवर लंडनच्या सॉमरसेट हाऊसमध्ये बसणारे तीन कमिशनर. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाऊसमध्ये यावं, घरी काही मिळणार नाही, हा नव्या कायद्याचा कणा.

आणि वर्कहाऊस कसं असावं? तर बाहेरच्या सगळ्यात गरीब मजुराच्या जगण्यापेक्षाही नकोसं. म्हणजे खरोखर नाइलाज असेल तोच येईल. इथे कमिशनरांची एक अडचण झाली, आणि ती समजली की बाकीचं सगळं समजतं. बाहेरचा शेतमजूर आधीच अर्धपोटी होता. त्याच्यापेक्षा कमी खायला घातलं तर आतली माणसं मरतील, आणि सरकारी छपराखाली माणसं मरणं परवडणारं नव्हतं. मग जगणं नकोसं करायचं कशाने? गणवेशाने, घंटेच्या शिस्तीने, दगड फोडणं किंवा जुन्या दोरखंडांचे तंतू सोडवणं अशा कंटाळवाण्या कामाने. आणि माणसांची ताटातूट करून. बाहेरच्या कंगाल मजुराकडे काही नसलं तरी संध्याकाळी बायकापोरांच्या शेजारी बसता येत होतं. तेवढंच काढून घेण्यासारखं उरलं होतं, आणि तेच काढून घेतलं गेलं.

आतल्या माणसांचे सात वर्ग पाडले: अशक्त किंवा वृद्ध पुरुष, धडधाकट पुरुष, मुलगे, अशक्त किंवा वृद्ध बायका, धडधाकट बायका, मुली, आणि सात वर्षांखालची लहान मुलं. प्रत्येकाची झोपायची जागा वेगळी, अंगण वेगळं. फार लहान मुलांना आईजवळ बायकांच्या भागात ठेवता येत असे, पण तेही हक्क म्हणून नाही. नवराबायकोला वेगळं ठेवण्यामागे शिस्त आणि सभ्यता अशी कारणं सांगितली जात. माल्थसचं कारण त्यामागे उभं होतंच: सरकारी खर्चावर आणखी मुलं नकोत.

एक गोष्ट कमिशनरांच्या बाजूने सांगायला हवी. १८३४ च्या अहवालाने म्हातारे, मुलं आणि धडधाकट यांच्यासाठी स्वतंत्र इमारती सुचवल्या होत्या, जेणेकरून म्हाताऱ्यांना जरा सुखाने राहता यावं आणि मुलांना शिकता यावं. ते महाग पडलं असतं. म्हणून सगळ्यांना एकाच आवारात कोंबून मध्ये भिंती घातल्या गेल्या. केम्पथॉर्नचा आराखडा या काटकसरीतून आला.

फाटकातून आत

समजा सफोकमधला एखादा मजूर हिवाळ्यात काम सुटल्यावर बायको आणि तीन मुलांना घेऊन येतो. फाटकाशी पोर्टर असतो. तो सगळ्यांना आधी प्रवेशाच्या खोलीत नेतो. तिथे अंगावरचे कपडे काढून घेतात, वाफ देऊन गाठोडं बांधून ठेवतात. आंघोळ घालतात, डॉक्टर तपासतो, युनियनचा गणवेश चढवतात. त्या खोलीतून बाहेर पडायला वेगवेगळे दरवाजे असतात. बाप एका दरवाजाने जातो, आई दुसऱ्या, आठ वर्षांचा मुलगा तिसऱ्या. १८४० च्या दशकातल्या नियमांत आईबापांना त्याच आवारातल्या मुलाला दिवसातून एकदा भेटू देण्याची तरतूद होती. ती भेट कशी, किती वेळ आणि कुणासमोर, हे मास्तरच्या मर्जीवर.

बाहेर पडायला मात्र फारशी आडकाठी नव्हती. वर्कहाऊस तुरुंग नव्हतं, थोड्या तासांची नोटीस देऊन निघता येत होतं. अट एवढीच, की कुटुंबप्रमुखाने सगळ्या कुटुंबाला घेऊन निघायचं. या नियमाचा एका आईने केलेला उपयोग आपल्याला माहीत आहे, कारण तिच्या धाकट्या मुलाने तो पुढे लिहून ठेवला. तो मुलगा म्हणजे चार्ली चॅप्लिन. १८९६ मध्ये सात वर्षांचा चार्ली, थोरला भाऊ सिडनी आणि आई हॅना लंडनच्या लॅम्बेथ वर्कहाऊसमध्ये गेले. आई बायकांच्या भागात, मुलं मुलांच्या भागात, आणि थोड्याच दिवसांत मुलांची रवानगी हॅनवेलच्या शाळेत. १८९८ च्या उन्हाळ्यात पुन्हा तीच पाळी आली तेव्हा हॅनाने रीतसर सुटका मागितली. तिघं फाटकाबाहेर भेटले, आपल्या चुरगळलेल्या, वाफवलेल्या कपड्यांत. सिडनीच्या रुमालात नऊ पेन्स बांधलेले होते. त्यातून काळ्या चेरी घेतल्या, केनिंग्टन पार्कात बाकावर बसून खाल्ल्या, वर्तमानपत्राचा चेंडू करून झेलाझेली केली. संध्याकाळी तिघंही परत वर्कहाऊसच्या दारात. सगळे कपडे पुन्हा वाफवावे लागणार म्हणून तिथले लोक वैतागले. एक दिवस मुलांबरोबर घालवायला आईने सरकारी नियमातली एक फट शोधली होती. मी पाहिलेल्या कुठल्याही छापचित्रात ही गोष्ट नाही, आणि म्हणूनच ती इथे सांगितली. चित्रं दारातलं रडणं दाखवतात. आतल्या माणसांनी एकमेकांना भेटण्यासाठी काय काय केलं, हे त्यांत सहसा उतरत नाही.

लाकडावर कोरलेली बातमी

आता चित्रांकडे. ही चित्रं एवढ्या मोठ्या संख्येने निघाली याचं श्रेय एका तंत्राला जातं. तांब्याच्या किंवा पोलादाच्या पत्र्यावर कोरलेलं चित्र सुंदर येतं, पण त्यात शाई खोदलेल्या खाचांत भरते, म्हणून ते वेगळ्या यंत्रावर, मोठ्या दाबाखाली, मजकुरापासून स्वतंत्र छापावं लागतं. लाकडी ठोकळ्याचं काम उलटं. तिथे जे कोरून काढलं ते पांढरं राहतं आणि जे उंच उरलं त्याला शाई लागते, अगदी आपल्या रबरी शिक्क्यासारखं. असा ठोकळा छपाईच्या शिशाच्या खिळ्यांइतक्याच, म्हणजे अक्षरांच्या ठशांइतक्याच, उंचीचा केला की मजकूर आणि चित्र एकाच पानावर, एकाच वेळी, हजारो प्रतींत छापता येतात.

न्यूकासलच्या थॉमस ब्युइकने अठराव्या शतकाच्या अखेरीस हे तंत्र फार वरच्या दर्जाला नेलं. त्याने बॉक्सवुड नावाचं अतिशय घट्ट लाकूड आडवं कापून त्याच्या तोंडावर बारीक कोरणीने काम केलं. अडचण अशी, की बॉक्सवुडचं खोड बारीक असतं. मोठं चित्र हवं तर अनेक छोटे ठोकळे जोडावे लागत. पुढे बोल्टने जोडलेले ठोकळे आले. चित्रकार त्यावर उलटं चित्र काढी, मग ठोकळा सुटा करून एकेक तुकडा एकेका कोरणाऱ्याला देत, सगळे रात्रभर कोरत, सकाळी तुकडे पुन्हा जोडले की सांध्यावरच्या रेषा मुख्य कारागीर जुळवून घेई. मोठ्या चित्रात कधीकधी बारीक पांढरी सरळ रेघ उभी किंवा आडवी गेलेली दिसते. तो हा सांधा.

यातून एक गोष्ट घडली, जी चित्र वाचताना विसरू नये. चित्रकाराने जे पाहिलं ते आणि आपण जे पाहतो ते, यांच्यामध्ये चारपाच माणसांचे हात आहेत. आकाश एकाने कोरलं, भिंत दुसऱ्याने, चेहरे तिसऱ्याने. घाईत चेहरे साच्यातले होत. उपाशी आईचा चेहरा देवळातल्या मेरीसारखा दिसला तर तो कोरणाऱ्याच्या सवयीचा भाग असू शकतो.

१४ मे १८४२ ला 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज' सुरू झालं, किंमत सहा पेन्स, म्हणजे अर्धा शिलिंग. दक्षिण इंग्लंडमधल्या शेतमजुराला तेव्हा आठवड्याला नऊ-दहा शिलिंग मिळत. त्यातून सहा पेन्सचं साप्ताहिक तो घेणार नव्हता. वर्कहाऊसची चित्रं ज्यांच्यावर होती त्यांच्यासाठी नव्हती. ती पाहणारे लोक गार्डियन मंडळाला मत देणारे, कर भरणारे होते. म्हणून त्यांत एकीकडे दया येईल असं दृश्य असतं आणि दुसरीकडे 'हे लोक सज्जन आहेत, आळशी नाहीत' अशी खात्रीही दिलेली असते: स्वच्छ एप्रन, जोडलेले हात, नीट विंचरलेली मुलं.

रागाची चित्रं

नव्या कायद्याविरुद्ध पहिला उद्रेक १८३० च्या दशकातच झाला, विशेषतः उत्तरेकडच्या कापड गावांत. लोक वर्कहाऊसला 'बॅस्टिल' म्हणू लागले, पॅरिसच्या कुप्रसिद्ध तुरुंगावरून. रिचर्ड ओस्टलरसारखे पुढारी आणि त्यांच्याबरोबरचे पाद्री सभांतून विचारत: लग्नात पाद्री म्हणतो, देवाने जोडलेलं माणसाने तोडू नये. मग कमिशनर कोण? या एका वाक्यात चर्चच्या बाजूचे जुन्या वळणाचे लोक आणि जहाल मजूर एकत्र आले.

आर्किटेक्ट ऑगस्टस प्यूजिनने आपल्या पुस्तकाच्या १८४१ च्या आवृत्तीत एक जोडचित्र घातलं. एकात मध्ययुगीन मठाचं आवार: चर्च, बाग, गरिबांसाठी घरं. दुसऱ्यात मोकळ्या माळावर उभं कोनाकोनांचं नवं वर्कहाऊस, मध्ये पहारा आणि भोवती कप्पे. कडेला छोटी चित्रं: तिकडे पोटभर जेवण, इकडे पेज, तिकडे सन्मानाने दफन, इकडे मेलेल्या गरिबाचं प्रेत वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे. वर्कहाऊसमधलं बेवारस प्रेत चिरफाडीसाठी देता येईल असा कायदा १८३२ मध्ये झाला होता, तेव्हा ही भीती खोटी नव्हती. पण प्यूजिनचं मध्ययुग मात्र स्वप्नातलं आहे. तो काही वर्षांपूर्वी कॅथलिक झाला होता, आणि त्याला जुन्या धर्माचा जमाना गोड करून सांगायचा होता.

'पंच' साप्ताहिकाने १८४३ मध्ये घेतलेला विषय जास्त जवळचा आहे. 'टाइम्स'मध्ये बातमी आली होती: लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये पाच आठवड्यांचं तान्हं बाळ आईपासून वेगळं ठेवलं गेलं, आणि अधूनमधून फक्त अंगावर पाजायला तिच्याकडे आणलं जाई. 'पंच'ने ती बातमी चित्राखाली छापली, आणि वर बाळ हिरावून नेलं जातानाचं दृश्य. इथे चित्रातली अतिशयोक्ती बातमीपेक्षा सौम्य वाटते. कारण चित्रात एक क्षण आहे, ओढाताणीचा. बातमीत रोजचा क्रम आहे: बाळ आणा, पाजा, परत न्या.

१८४५ मध्ये अँडोव्हरचं प्रकरण फुटलं. तिथल्या वर्कहाऊसमध्ये पुरुषांना खतासाठी जनावरांची हाडं कुटायला लावत, आणि भुकेने ते हाडांतला मगज चोखत होते. पार्लमेंटची चौकशी झाली, १८४७ मध्ये कमिशन बरखास्त होऊन नवं मंडळ आलं. त्याच वर्षी आणखी एक सवलत मिळाली: ६० वर्षांवरच्या नवराबायकोने मागणी केली तर त्यांना एकत्र राहू द्यावं. प्रत्यक्षात अशा जोडप्यांसाठी खोल्या फार थोड्या ठिकाणी बांधल्या गेल्या.

या सगळ्या चित्रांनी एक चुकीचा समजही रुजवला. कायदा काहीही म्हणो, मदत घेणाऱ्या गरिबांपैकी बहुतेकांना पूर्ण एकोणिसाव्या शतकात घरीच मदत मिळत राहिली, कारण ती स्वस्त पडे. वर्कहाऊसमध्ये धडधाकट बाप, आई आणि चार मुलं असं भरलेलं कुटुंब चित्रांत वाटतं तितकं सर्रास नव्हतं. तिथे मुख्यतः म्हातारे, आजारी, अनाथ मुलं आणि लग्नाशिवाय आई झालेल्या मुली असत. मग कुटुंबं तुटली नाहीत का? तुटली, पण जास्त करून दुसऱ्या तऱ्हेने. 'आत गेलो तर वेगळे होऊ' या भीतीने लोक बाहेरच उपाशी राहिले, मुलांना नातेवाइकांकडे पाठवलं, बाप काम शोधत दूर गेला. भिंतीची भीती भिंतीपेक्षा लांब पोचली होती.

किलरशची ब्रिजेट

आयर्लंडला हाच कायदा १८३८ मध्ये लावला गेला, आणखी कडक करून. पहिल्या टप्प्यात १३० वर्कहाऊसं ठरली, आणि कुटुंबातल्या एकट्यादुकट्याला प्रवेश नाही, सगळ्यांनी मिळून आत यायचं. मिळून आत आले की वेगळं केलं जाई. बटाट्यावर रोग पडून १८४५ पासून दुष्काळ आला. १८४७ मध्ये नियम झाला, की पाव एकरापेक्षा जास्त जमीन कसणाऱ्याला मदत नाही. जमीन सोडा, मग खायला मागा.

२२ डिसेंबर १८४९ च्या 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'मध्ये काउंटी क्लेअरमधल्या किलरशचं एक चित्र आलं. चिंध्या झालेल्या कपड्यांत एक बाई आणि तिची दोन मुलं. त्यांच्या तंगड्या काठ्यांसारख्या, केस विस्कटलेले. नाव ब्रिजेट ओ'डोनेल. या चित्राची ताकद त्याच्याबरोबर छापलेल्या तिच्या जबानीत आहे. नवऱ्याकडे साडेचार एकर जमीन होती, खंड थकला. घर पाडायला माणसं आली तेव्हा ती तापात होती आणि बाळंतपणाला दोन महिने होते. अर्धं घर पाडून झाल्यावर दोन शेजारणींनी तिला उचलून बाहेर आणलं. आठ दिवसांनी मूल मेलेलं जन्मलं. सगळं घर तापाने आडवं झालं, आणि तेरा वर्षांचा मुलगा भुकेने गेला. त्यांचं धान्य मात्र किलरशला नेऊन विकलं गेलं.

चित्रात तिघं आहेत. जबानी वाचल्यावर कळतं, की चित्रात कोण कोण नाही. म्हणून माझा आग्रह आहे, की अशी छापचित्रं शेजारच्या मजकुरापासून कापून पाहू नयेत. आज ब्रिजेटचं चित्र 'आयरिश दुष्काळ' एवढ्याच ओळीने फिरतं, आणि कित्येकदा इंग्लंडमधल्या वर्कहाऊसच्या लेखातही चिकटवलेलं असतं.

आयर्लंडच्या वर्कहाऊसमधून तुटण्याचा शेवटचा टप्पा समुद्रापलीकडे गेला. १८४८ ते १८५० या काळात तिथल्या चार हजारांहून जास्त अनाथ मुली जहाजांतून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या, प्रत्येकीबरोबर कपड्यांची एक पेटी देऊन.

'ग्राफिक'ची पानं

१८६९ च्या ४ डिसेंबरला 'द ग्राफिक' साप्ताहिकाचा पहिला अंक निघाला. त्यात ल्यूक फाइल्ड्सचं 'हाऊसलेस अँड हंग्री' (बेघर आणि उपाशी) हे चित्र होतं: पोलिसाकडून चिठ्ठी मिळवून एका रात्रीच्या निवाऱ्यासाठी भिंतीला लागून उभी असलेली रांग. त्यात मुलाला शालीत गुंडाळून घेतलेली आई आहे, मुलांना चिकटून उभं कुटुंब आहे. आत गेल्यावर पुरुष एका बाजूला झोपणार, बायकामुलं दुसऱ्या. रांगेतच काय ते एकत्र. याच विषयावर फाइल्ड्सने १८७४ मध्ये मोठं तैलचित्र केलं. त्यात भिंतीवर बक्षिसांच्या जाहिराती आहेत, आणि टाकून दिलेल्या मुलापेक्षा हरवलेल्या पाळीव कुत्र्याचं बक्षीस मोठं आहे.

ह्यूबर्ट हेरकोमरचं चित्र ७ एप्रिल १८७७ च्या अंकात आलं. लंडनच्या वेस्टमिन्स्टर युनियनमधल्या म्हाताऱ्या बायका. खोल गेलेलं रिकामं दालन, पुढे वाकून शिवणाऱ्या काही जणी, मागे दूर चालणाऱ्या एकेकट्या आकृत्या. एकही पुरुष नाही. पुढच्या वर्षी त्याने याचंच रंगीत चित्र केलं तेव्हा चहाचा कप आला, फुलं आली. प्रदर्शनात पाहणाऱ्यांना फार जड जाऊ नये, एवढी ऊब त्याने आणली. दोन्ही शेजारी ठेवून पाहिली तर मला काळंपांढरं छापचित्रच खरं वाटतं. व्हॅन गॉगलाही या छापचित्रांनी झपाटलं होतं. १८८३ मध्ये हेगला असताना, स्वतः कंगाल असूनही, त्याने 'ग्राफिक'चे २१ खंड विकत घेतले.

आता माल्थसचा धागा. हेरकोमरचं चित्र छापलं जात होतं त्याच वर्षी दख्खनमध्ये मोठा दुष्काळ होता. ब्रिटिश सरकारचे अधिकारी रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामावरच्या पुरुषाची मजुरी दिवसाला एक पौंड धान्य आणि एक आणा इतकी खाली आणली, आणि काम गावापासून दहा मैलांवर असावं अशी अट घातली. खरोखर गरजू असेल तोच येईल, हेच तत्त्व. मुंबई इलाख्यात हजारो मजुरांनी काम सोडून संप केला आणि पुणे सार्वजनिक सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारला अर्ज केले. दहा मैलांची अट म्हणजे घर आणि काम यांच्यात घातलेली भिंतच. म्हातारं माणूस तिथवर चालू शकत नव्हतं. ऑक्टोबर १८७७ मध्ये 'ग्राफिक' आणि 'इलस्ट्रेटेड लंडन न्यूज'ने बेल्लारी आणि बंगळूरकडची दुष्काळाची छापचित्रं दिली. वेस्टमिन्स्टरच्या म्हाताऱ्या पाहिलेल्या वाचकांनीच सहा महिन्यांनी ती पाहिली.

दुष्काळ संहितांमध्ये, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याच्या नियमांत, पुढे 'पुअर हाऊस', म्हणजे निराधारांना ठेवण्याचं घरही आलं. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात फिरल्या, तिथली पुअर हाऊसं पाहिली आणि तिथे एकट्या पडलेल्या मुलींना काय धोके आहेत ते निर्भीडपणे लिहिलं. शेकडो मुली त्यांनी तिथून केडगावला आणल्या. स्वतःचे आईवडील आणि बहीण त्यांनी १८७० च्या दशकातल्या उपासमारीत गमावले होते.

इंग्लंडमध्ये १ जानेवारी १९०९ पासून सत्तरीवरच्या गरिबांना आठवड्याला पाच शिलिंग पेन्शन सुरू झाली आणि कित्येक म्हातारी जोडपी वर्कहाऊसशिवाय राहू शकली. गार्डियन मंडळं १९३० मध्ये संपली, गरीब कायदा १९४८ मध्ये. लाकडी ठोकळे त्याआधीच, १८९० च्या दशकात, फोटो छापण्याच्या तंत्राने मोडीत काढले.

ही छापचित्रं ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर मोठ्या आकारात पाहायला मिळतात. पाहताना आधी खालचा कोपरा बघा. तिथे बहुधा दोन सह्या असतात, एक चित्रकाराची आणि एक कोरणाऱ्याची. मग तारीख आणि नियतकालिक शोधा, आणि जमलं तर त्या दिवशीच्या पानावरचा मजकूर. केम्पथॉर्नचा आराखडा समोर असेल तर पेन्सिलीने एक कुटुंब त्यात चालवून पाहा: फाटकापासून प्रवेशाच्या खोलीपर्यंत एकत्र, आणि तिथून पुढे प्रत्येकाची रेघ वेगळी. नॉटिंगहॅमशरमधलं साउथवेल वर्कहाऊस १८२४ चं, म्हणजे कायद्याच्याही आधीचं. ते आता नॅशनल ट्रस्टकडे आहे, आणि तिथले दुहेरी जिने पाहिले की या रेघा विटांत कशा उतरल्या ते कळतं.